बीपी मोजायला येणारे लोक विचारतात ते प्रश्न

मी महापालिकेच्या रुग्णालयात परिचारिका होते. निवृत्त झाल्यावर घरात बसवेना, म्हणून परळच्या आमच्या चाळीत मंडळाच्या खोलीत दर रविवारी सकाळी बीपी मोजायला बसते. एक टेबल, दोन खुर्च्या, बाहेर एक बाक. तेच ते प्रश्न इतक्यांदा ऐकले की मंडळाची पोरं म्हणाली, सिस्टर, एकदा लिहूनच काढा. तर हे लिहून काढलं. डॉक्टरांच्या जागी हे वाचू नका. त्यांच्यासमोर बसल्यावर काय विचारायचं ते सुचावं, एवढाच याचा उपयोग.

बीपी म्हणजे नेमकं काय? आणि दोन आकडे कशाला?

सकाळी पाणी येतं तेव्हा नळाला जोर असतो, तसा रक्ताला वाहिन्यांमध्ये जोर असतो. तो नसेल तर मेंदूपर्यंत रक्त चढणारच नाही. हृदय आकुंचन पावतं तेव्हा जोर सगळ्यात जास्त, तो वरचा आकडा. दोन ठोक्यांच्या मधे हृदय सैलावतं तेव्हाचा खालचा. आकडे पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात, कारण जुन्या यंत्रात खरोखरच पाऱ्याची उभी नळी असायची. दंडाला पट्टा बांधायची युक्ती इटलीच्या रिवा-रोची यांची, १८९६ सालची. पट्ट्याखाली स्टेथोस्कोप लावून ठोके ऐकायचे, हे कोरोत्कोव्ह नावाच्या रशियन शल्यचिकित्सकाने १९०५ मध्ये दाखवून दिलं. आमची सगळी पिढी त्याच ठोक्यांवर शिकली.

जोर कायम जास्त राहिला की पाइपाचं जे होतं तेच वाहिन्यांचं होतं. आतून खरखरीत होतात, कडक होतात, आणि कुठेतरी कच्च्या सांध्यावर फुटतात किंवा तुंबतात. तो सांधा मेंदूत असला तर पक्षाघात, हृदयात असला तर झटका. मूत्रपिंड आणि डोळ्याचा पडदा मात्र आवाज न करता झिजत जातात.

किती असलं म्हणजे हाय?

दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी मोजून वरचा १४० किंवा त्याहून जास्त, नाहीतर खालचा ९० किंवा त्याहून जास्त. दोन्हींपैकी एक पुरे. घरी मोजत असाल तर रेषा थोडी खाली, १३५/८५. उत्तम म्हणजे १२०/८० च्या आत. मधले जे आहेत ते काठावरचे. त्यांना गोळी लागेलच असं नाही, पण मीठ, वजन आणि चालणं यांचा विचार त्यांनी आजच करावा. अमेरिकेत २०१७ पासून १३०/८० लाच उच्च रक्तदाब म्हणतात, त्यामुळे नेटवर वाचून घाबरून येणारे बरेच असतात. मधुमेह किंवा किडनीचा आजार असेल तर डॉक्टर तुमच्यासाठी याहून कमी आकडा ठरवतील, तो त्यांच्याकडूनच घ्या.

एकदाच आलेल्या आकड्यावरून कुणालाही शिक्का मारायचा नसतो. अपवाद एकच, आकडा फारच वर असला तर. त्याबद्दल पुढे लिहिलंय.

मला काहीच त्रास नाही. मग मोजायचं कशाला?

हा माझा सगळ्यात नावडता प्रश्न, कारण मीही तेच म्हणत होते. वॉर्डात रोज पन्नास जणांचे पट्टे बांधायचे आणि स्वतःचं कधी मोजलं नाही. छेचाळीस वर्षांची असताना एका शिकाऊ मुलीने सराव म्हणून माझ्या दंडाला पट्टा बांधला आणि घाबरत म्हणाली, सिस्टर, १६४/१००. मी तिलाच ओरडले, पट्टा नीट बांध म्हणून. तिने तीनदा मोजलं. पट्टा नीटच होता. मला ना डोकेदुखी, ना चक्कर, दोन पाळ्या सलग करत होते.

बहुतेकांना बीपी जाणवतच नाही. उलट जे ‘आज बीपी वाढल्यासारखं वाटतंय’ म्हणून धावत येतात, त्यांतल्या पुष्कळांचा आकडा बरा निघतो. डोकं दुखायला ऊन, उपाशीपोट, चष्म्याचा नंबर, झोप अशी शंभर कारणं असतात. म्हणून डोकं दुखलं की गोळी आणि दुखायचं थांबलं की गोळी बंद, हा हिशोब मुळातच चुकीचा. वाटण्यावर जाऊ नका, आकड्यावर जा.

अठरा वर्षांच्या पुढच्या प्रत्येकाने एकदा तरी मोजून घ्यावं, आणि तिशी ओलांडली की दरवर्षी. आईवडिलांपैकी कुणाला असेल, किंवा मधुमेह असेल, तर त्याआधीपासूनच.

मुंबईत किती जणांना असेल?

महापालिकेने २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीने १८ ते ६९ वयाच्या मुंबईकरांची पाहणी केली होती. त्यात साधारण ३४ टक्के लोकांचा रक्तदाब वाढलेला निघाला. म्हणजे लोकलच्या तीन जणांच्या बाकावर एक. (चौथा अर्धा टेकलेला असतो, त्याला मी धरलेलं नाही.)

दवाखान्यात १५०, तुमच्याकडे १३८, घरी १२६. खरं कुठलं?

तिन्ही खरी असू शकतात. बीपी दिवसभर खालीवर होतंच. झोपेत उतरतं, उठल्यावर चढतं, जिने चढल्यावर तर चढायलाच हवं. पण बऱ्याचदा फरक तुमच्यात नसतो, मोजण्यात असतो. रांग मोठी, डॉक्टरांना घाई, पेशंट आत आला की शर्टावरूनच पट्टा, आणि पट्टा फुगत असताना ‘काय म्हणतंय घर?’ अशी चौकशी. एका दवाखान्यात मी हे स्वतः पेशंट म्हणून अनुभवलंय, आणि त्या एका आकड्यावर माझी गोळी वाढवून मिळाली होती. घरी येऊन नीट मोजलं तर १२८.

नीट म्हणजे कसं ते सांगते. मोजायच्या आधी अर्धा तास चहा, विडी, तंबाखू नाही, व्यायामही नाही. लघवीला जाऊन या. मूत्राशय भरलेलं असेल तर आकडा सहज दहाने वर जातो. पाठ टेकवून बसा, पाय जमिनीला टेकलेले, एकावर एक नाही. पाच मिनिटं गप्प. हे गप्प बसणं आमच्या बाकावरच्या मंडळींना जमत नाही, बाकाचा जन्मच गप्पांसाठी आहे, पण बोलतानाही आकडा चढतो. दंड उघडा, आणि हात टेबलावर असा ठेवायचा की पट्टा छातीच्या पातळीला येईल. हात लोंबकळत ठेवला किंवा मांडीवर ठेवला तरी चार-सहा अंकांचा फरक पडतो. शर्टाची बाही वर सारून दंडाला आवळत असेल तर शर्ट काढा, इथे कुणी तुमचं शरीर बघायला आलेलं नाही.

पट्ट्याचा आकार तर कुणी विचारातच घेत नाही. जाड दंडाला छोटा पट्टा बांधला की आकडा खोटा वाढतो. माझ्याकडे मोठा पट्टा वेगळा ठेवलाय, तो मागून घ्यायला लाजू नका.

मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजून सरासरी घ्यायची. पहिल्यांदा आलात तर दोन्ही दंडांवर मोजते आणि जो हात जास्त दाखवतो तोच पुढे वापरते. दोन हातांत पंधरा-वीसचा फरक असेल तर ते डॉक्टरांना जरूर सांगा.

काहींचं बीपी डॉक्टरांचा कोट पाहूनच चढतं. त्याच्या उलटही असतात, दवाखान्यात शहाण्यासारखं आणि घरी, कामावर चढलेलं. ही दुसरी माणसं हातातून निसटतात. म्हणून शंका असेल तर आठवडाभर घरी मोजा, सकाळी गोळी आणि नाश्त्याच्या आधी दोनदा, रात्री झोपायच्या आधी दोनदा. वहीत तारीख घालून लिहा. चांगला आकडा आला तोच लिहायचा, असं करू नका. वही परीक्षेची नाही.

घरी मशीन घ्यायचं तर कुठलं?

दंडाला बांधायचं डिजिटल. मनगटावरचं नको, बोटावरचं तर नकोच. हातातल्या घड्याळात दिसणाऱ्या बीपीवर गोळी कमीजास्त करू नका. आणलेलं मशीन एकदा डॉक्टरांच्या मशीनशेजारी ठेवून ताडून घ्या. आणि दिवसातून दहा वेळा मोजणारे आमच्याकडे दोघेजण आहेत. त्यांना मी सांगितलंय, मशीन शेजारणीकडे ठेवायला द्या.

मीठ किती खायचं? आमच्याकडे तर कमीच असतं.

सगळ्यांकडे कमीच असतं. म्हणून मी चमचा विचारत नाही, पिशवी विचारते. मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, सगळं धरून. चार माणसांचं दिवसाचं २० ग्रॅम. या हिशोबाने एक किलोची पिशवी पन्नास दिवस पुरायला हवी. बाहेरच्या खाण्यातलं मीठ यात धरलेलंच नाही, ते धरलं तर दोन महिन्यांहून जास्त. आता घरी जाऊन विचारा, पिशवी कधी फोडली होती. आमच्या चाळीत हा हिशोब केला तेव्हा चार माणसांच्या एका घरात महिन्याला दीड किलो निघालं. त्या घरातल्या बाई म्हणाल्या, लोणचं घातलं होतं. मग लोणचं कोण खातं?

भाजी-आमटीतलं मीठ दिसतं तरी. न दिसणारं जास्त छळतं. पापड, लोणचं, फरसाण, वेफर्स, खारे शेंगदाणे, सॉस, शेजवान चटणी, झटपट नूडल्सचा मसाला, खारी बिस्किटं. पाव गोडसर लागतो म्हणून त्यात मीठ नाही असं वाटतं, पण पीठ मळताना ते घालतातच. म्हणजे वडापावात पाव, वडा, सुकी चटणी आणि वर तळलेली मिरची मिठात घोळवलेली, चारही ठिकाणी मीठ. वडापाव बंद करा असं मी म्हणणार नाही, परळमध्ये राहून हे म्हणणं मला शोभणार नाही. रोजचा आठवड्यावर आणा आणि ती मिरची सोडा. खाण्याचा सोडा आणि इनो यांतही सोडियम असतं, त्यामुळे ‘ढोकळ्यात तेल नाही’ एवढ्यावर खूश होऊ नका.

मासळी खाणाऱ्यांसाठी वेगळं सांगते. ताजा बांगडा, ताजे बोंबील छान. खारवलेली मासळी मात्र नावातच खार घेऊन येते. पावसाळ्यात खाणार असाल तर भरपूर पाण्यात भिजवून, ते पाणी ओतून, दुसऱ्या पाण्यात धुवून, आणि वरून मीठ न घालता.

पाकिटावर मीठ लिहिलेलं नसतं, सोडियम लिहिलेलं असतं. त्याला अडीचने गुणलं की मीठ. १०० ग्रॅमला ८०० मिलिग्रॅम सोडियम असेल तर २ ग्रॅम मीठ झालं. हे अंक बारीक छापतात, चष्मा घेऊन दुकानात जा.

एकदम अळणी जेवण सुरू केलं तर तिसऱ्या दिवशी घरात भांडण होणार. कणकेत मीठ घालणं थांबवा, भातात घालत असाल तर तेही. ताटात वाढायचं मीठ टेबलावरून उचला. लिंबू, कोकम, आमचूर, कच्चा कांदा, ओली मिरची, भाजलेलं जिरं यांनी चव भागते. तीन-चार आठवड्यांत जीभ सरावते, आणि मग बाहेरचं खारट लागायला लागतं.

सैंधव घेतलं तर चालेल ना?

सैंधवही मीठच. त्यात सोडियम जवळपास तेवढंच. रंग गुलाबी, भाव जास्त.

बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं, त्यात पोटॅशियम मिसळलेलं असतं. त्याने बीपी खरोखर उतरतं. पण किडनीचा आजार असेल, किंवा टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांपैकी काही चालू असेल, तर रक्तातलं पोटॅशियम धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका. शहाळ्याचंही अशा लोकांसाठी तेच.

एकादशीला गोळी घेतली तर उपवास मोडतो का?

नाही. गोळी आणि घोटभर पाणी कुठल्याच देवाला चालत नाही असं होणार नाही. खरं बघायचं तर साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा चिवडा, वेफर्स यांनी उपवासाच्या दिवशी मीठ रोजच्यापेक्षा जास्त जातं.

रोज दोन तास लोकलमध्ये उभा असतो. व्यायाम झाला नाही का?

नाही. तो त्रास झाला. उभं राहणं आणि चालणं यांत फरक आहे. आठवड्याला दीडशे मिनिटं हवीत, म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. सलगच हवं असं नाही, तुकड्यांत चालेल. स्टेशनपर्यंत शेअर टॅक्सीऐवजी पायी, परत येताना एक थांबा आधी उतरून. दादरकडचे लोक शिवाजी पार्कला जातात. कट्ट्याची एक फेरी किलोमीटरहून थोडी जास्त भरते, अडीच फेऱ्या झाल्या की पुरे. त्यानंतर कोपऱ्यावर काय खाता ते मी विचारत नाही.

गुडघे दुखत असतील तर खुर्चीत बसून हातपाय हलवायचे व्यायाम आहेत, पोहणं आहे. काहीच न करण्यापेक्षा थोडं बरं. मात्र चालताना छातीत दाटून येत असेल तर व्यायाम थांबवा आणि आधी डॉक्टरांकडे जा.

वजन, दारू, तंबाखू?

एक किलो वजन उतरलं तर वरचा आकडा साधारण एकने उतरतो. पाच किलो उतरवणाऱ्यांच्या गोळ्या कमी झालेल्या मी पाहिल्यात. दारू जितकी कमी तितकं बरं, आणि ‘फक्त बिअर’ हीही दारूच. तंबाखूने दर वेळी बीपी थोडा वेळ वर जातंच, पण मोठं नुकसान वाहिन्यांचं. त्यात आमच्या बायका मिश्रीला तंबाखू धरतच नाहीत. सकाळी दात घासायला म्हणून अर्धा तास तोंडात. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी माझ्या टेबलावर हात ठेवणाऱ्यांची बोटं वेगळंच सांगतात.

बीपी टेन्शनमुळेच होतं ना?

टेन्शनने त्या वेळेपुरतं चढतं. पण सगळं टेन्शनवर ढकललं की मीठ, वजन, आनुवंशिकता यांची कुणाला आठवण राहत नाही. दहापैकी नऊ जणांत एकच असं कारण सापडत नाही, सगळं मिळून होतं. उरलेल्यांत किडनी, थायरॉइड, मूत्रपिंडावरच्या ग्रंथी असं काही निघतं. वय तिशीच्या आत असेल किंवा तीन गोळ्यांनीही आकडा हलत नसेल तर डॉक्टर त्या दिशेने शोधतात.

झोप मात्र गंभीरपणे घ्या. रात्रपाळी, पहाटेची पहिली गाडी, पाच तासांची झोप, याचा परिणाम होतो. आणि जो माणूस मोठमोठ्याने घोरतो, मधेच श्वास थांबतो, दचकून जागा होतो आणि दिवसा डुलक्या काढतो, त्याच्या बायकोने हे डॉक्टरांना सांगावं. तो स्वतः सांगणार नाही, त्याला माहीतच नसतं.

गोळी एकदा लागली की सुटत नाही म्हणतात. म्हणून सुरूच करत नाही.

गोळी लागत नाही, बीपी लागलेलं असतं. चष्मा काढला की परत धूसर दिसतं म्हणून चष्म्याची सवय लागली असं आपण म्हणत नाही.

सगळ्यात मोठा घोळ इथे होतो. गोळी घेतली, महिन्याने मोजलं, १२६/८०. ‘नॉर्मल झालं, सिस्टर, सोडली गोळी.’ अहो, ते गोळीमुळे १२६ आहे! सोडल्यावर लगेच काही होत नाही, म्हणून वाटतं आपण बरोबर होतो. आठवड्यांनी, महिन्यांनी आकडा हळूच जुन्या जागी जातो, आणि जाणवत नाही. माझे वडील गिरणीत होते. त्यांनी अशीच सोडली होती. उजवी बाजू गेल्यावर पाच वर्षं अंथरुणात काढली. त्या पाच वर्षांत घराने काय सोसलं ते इथे लिहीत नाही.

काहींची गोळी खरंच कमी होते, क्वचित बंदही होते. वजन उतरवलं, मीठ उतरवलं, चालणं टिकवलं, आणि वहीत आकडे सतत खाली दिसले तर डॉक्टर स्वतःच कमी करतात. आपण आपल्या मनाने करायचं नाही. काही गोळ्या अशा आहेत की अचानक थांबवल्या तर बीपी उसळी मारतं.

एखाद्या दिवशी विसरलात तर आठवल्यावर त्याच दिवशी घ्या. दुसऱ्या दिवशी दोन नको.

गोळीने किडनी खराब होते ना?

उलट आहे. किडनी बीपीने खराब होते, आणि काही गोळ्या, विशेषतः मधुमेह असणाऱ्यांत, किडनीला जपतात. त्यांसोबत अधूनमधून क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायला सांगतात ते नीट लक्ष ठेवण्यासाठी.

त्रास होतच नाही असंही नाही. अॅम्लोडिपिनने घोट्याजवळ सूज येते काहींना. रामिप्रिल, एनालाप्रिलने कोरडा खोकला लागतो, आणि लोक महिनोन् महिने कफ सिरप पीत बसतात. लघवीच्या गोळीने म्हाताऱ्या माणसांचं सोडियम उतरू शकतं. वय झालेल्यांना उठून उभं राहताना गरगरतं. यातलं काही झालं तर गोळी फेकू नका, डॉक्टरांना सांगा. बदलायला दुसऱ्या पुष्कळ आहेत.

गणपतीला गावी जायचंय...

तर मोदकांच्या साच्याआधी गोळ्या भरा. जितके दिवस राहणार त्याहून आठवडाभर जास्त, आणि चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये. दरवर्षी कोकणातून परत आलेल्यांचे आकडे पाहिले की कळतं कुणाची पिशवी घरीच राहिली होती.

दुसऱ्या औषधांनी बीपी वाढतं का?

वाढतं. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून आणून रोज घेतलेल्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या. नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या गोळ्या. स्टेरॉइड. काहींना गर्भनिरोधक गोळ्या. आणि घशासाठी दिवसभर चघळलेलं ज्येष्ठमध, हे ऐकून सगळे चकित होतात, पण जास्त आणि रोज खाल्लं तर ते बीपी वाढवतं आणि पोटॅशियम उतरवतं. गायकांनी, शिक्षकांनी विशेष लक्ष ठेवावं. लसूण खायला हरकत नाही, पण तिच्या भरवशावर गोळी सोडायला आहे.

माझं बीपी लो असतं, काय खाऊ?

मोजलंय का? चक्कर आली की ‘लो झालं’ म्हणून मीठ-साखरेचं पाणी पाजायची आपल्याकडे रीतच आहे. त्यातल्या किती जणांचं खरं तर हाय असतं! तरुण, सडपातळ बाईचं १००/६० असेल आणि तिला काही त्रास नसेल तर तिला उपचार लागत नाही. सारखं थकायला होत असेल तर हिमोग्लोबिन तपासा, कारण बहुतेकदा तिथेच सापडतं.

मुलगी गरोदर आहे. तिचं बीपी कधीच नव्हतं.

नसलं तरी दर तपासणीला मोजायलाच हवं. पाचवा महिना उलटल्यावर बीपी चढू शकतं, सोबत लघवीतून प्रथिनं जातात, आणि ते आई-बाळ दोघांच्या जिवावर बेततं. जोराची डोकेदुखी, डोळ्यांसमोर चमकणं, बरगडीखाली दुखणं, चेहरा-हात एकदम सुजणं, यांपैकी काही झालं तर त्याच दिवशी रुग्णालय. ‘पोटुशीला सूज येतेच’ असं म्हणत थांबू नका. ज्यांना आधीपासून गोळी चालू आहे त्यांनी दिवस राहायचा विचार असतानाच डॉक्टरांना सांगावं, टेल्मिसार्टन, रामिप्रिलसारख्या गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत. बाळंतपणानंतरचे काही दिवसही मोजत राहा. आणि गरोदरपणात बीपी चढलेल्या बायकांना पुढे आयुष्यभर बीपीचा धोका जास्त असतो.

मशीनवर एकदम २०० दाखवलं तर?

आधी बसा. पाच मिनिटांनी परत मोजा. तेव्हाही वरचा १८० किंवा खालचा १२० च्या पुढे असेल आणि बाकी काही होत नसेल, तर घाबरून जाऊ नका, पण त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. शेजारच्या काकांची गोळी घेऊ नका. जिभेखाली कॅप्सूल फोडून बीपी झटक्यात उतरवायची जुनी पद्धत होती, ती आता धोक्याची मानतात. मेंदूचा रक्तपुरवठा एकदम कमी होतो.

सोबत छातीत दुखणं, धाप लागणं, अचानक दिसेनासं होणं, भान हरपणं असं काही असेल तर १०८ ला फोन. तोंड एका बाजूला वाकडं होणं, एक हात किंवा पाय लुळा पडणं, बोलताना जीभ जड होणं, हे पक्षाघाताचं. तिथे आकडा बघत बसू नका. किती वाजता सुरू झालं ते लिहून ठेवा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, त्याआधी सीटी स्कॅन, आणि मधे मुंबईचा ट्रॅफिक. म्हणून जवळच्या कुठल्या रुग्णालयात चोवीस तास सीटी स्कॅन आहे ते आजच विचारून ठेवा. पाणी, चहा, कुठलीही गोळी तोंडात घालू नका, गिळता येत नसेल तर श्वासात जाते. थोड्या वेळाने आपोआप बरं वाटलं तरी जायचंच.

पैसे नाहीत. कुठे जाऊ?

महापालिकेच्या दवाखान्यात. २०२२ च्या नोव्हेंबरपासून सुरू झालेले ‘आपला दवाखाना’ वस्त्यांजवळच आहेत, तपासणी आणि औषधं मोफत. आपल्या भागातल्याच्या वेळा विचारून घ्या. गुंतागुंत असेल तर परळचं केईएम, सायनचं, नायर, कूपर आहेतच, रांगेची तयारी ठेवून. वस्तीत आरोग्य सेविका तिशीच्या पुढच्यांची नोंद करायला येतात, त्यांना दारातून परत पाठवू नका. विकत घ्यायची तर जनऔषधी केंद्रात नेहमीच्या बीपीच्या गोळ्या खूप स्वस्त पडतात. चिठ्ठीवरचं मूळ औषधाचं नाव दाखवा, ब्रँडचं नाही.

तुम्ही रविवारी किती वाजता बसता?

साडेआठ ते साडेदहा. तिसऱ्या मजल्यापर्यंत जिना आहे, त्यामुळे वर आल्यावर आधी बाकावर पाच मिनिटं. गोळ्यांची पट्टी आणि वही आणा. चहा मिळतो, पण मोजून झाल्यावर.